सुजितची खुर्ची आणि हंगामाचा सण

अंबरनाथच्या बुवापाड्यात राहणारा सुजित पाटोळे मोरिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात आहे. दिवसभर दुसऱ्यांची खोकी बंद करायची आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःची उघडायची, असा त्याचा जीवनक्रम. माणूस निर्व्यसनी, आमच्या ख्रिस्ती देवळात जाड आवाजात गाणारा, आणि प्रार्थना केल्याशिवाय एक वस्तू विकत न घेणारा. सगळा घोळ या प्रार्थनेतच होता.

दुकानात काही आवडलं की सुजित डोळे मिटून मनात म्हणे, "प्रभू, तुझी इच्छा असेल तर भाव उतरू दे." आता हा गृहस्थ खरेदीला जातो उल्हासनगरला. उल्हासनगरात भाव उतरला नाही, असं जगाच्या उत्पत्तीपासून घडलेलं नाही. तिथला दुकानदार उतरवण्यासाठीच तर भाव चढवून ठेवतो. त्यामुळे देवाने सुजितला आजवर कशालाही नाही म्हटलं नव्हतं. देवाच्या इच्छेने त्याच्या दीड खोलीत दोन मिक्सर आले, तळव्यांना मसाज करायचं यंत्र आलं, चालायचा पट्टा आला (त्यावर कपडे वाळतात), आणि शेवटी ती खुर्ची आली.

खुर्ची म्हणजे रिक्लायनर. चॉकलेटी रंगाची, लहान बैलगाडीएवढी. कळ दाबली की पाठ मागे जायची आणि पाय वर यायचे. "साईं, बैठ के तो देखो," सिंधी दुकानदार म्हणाला होता, "पैसे कहाँ भाग रहे हैं." सुजित बसला, त्याने डोळे मिटले, भाव उतरला आणि हप्ते सुरू झाले. घरात त्याने पाय लांब केले की ते थेट स्वयंपाकाच्या ओट्याशी पोहोचत. त्याची बायको उमा त्या पायांना वळसा घालून तव्यापर्यंत जाई.

नेमकी तेव्हाच बनूबाईंना, म्हणजे सुजितच्या आईला, इकडे आणायची वेळ आली. त्या बदलापूरला लेकीकडे होत्या. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, लेकीचं घर चौथ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. दवाखान्याखेरीज म्हातारीने महिनोन्महिने रस्ता पाहिला नव्हता. सुजितची खोली तळमजल्यावर. खिडकीशी खाट टाकली की झालं. पण खिडकीशी खुर्ची होती.

"अहो, आईंना ठेवायचं कुठे?" उमाने विचारलं.

"खुर्ची सरकवू थोडी."

"कुठे, भिंतीच्या आत?"

सुजित दगडाच्या काळजाचा नाही. त्याला झोप येईना. (खुर्चीतही येईना, म्हणजे बघा.) मग एका रविवारी उपासनेत तो उभा राहिला आणि म्हणाला, "हंगामाच्या सणाला मी माझी खुर्ची देवाला अर्पण करतो." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. उमाने लावला नाही. "टेम्पो सांगितलात का?" तिने विचारलं.

हंगामाच्या सणाला आमच्या मंडळीतले लोक धान्य, भाजी, कोंबडी असं काहीबाही देवळात आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. पैसा देवाच्या कामाला जातो. आता बुवापाड्यात शेत कुणाचं? त्यामुळे बाजारातून भोपळा आणायचा आणि दुसऱ्याने तो तिप्पट भावाने घ्यायचा, अशी आमची शेती. बोलीला टाळ्या पडतात, म्हणून लिंबूसुद्धा आंब्याचा तोरा मिरवतं. शिवाय घेतलेली वस्तू परत अर्पण करून पुन्हा लिलावात घालता येते.

सणाच्या दिवशी भोपळे आणि केळीचे घड यांच्यामध्ये खुर्ची येऊन बसली. बनूबाईही आल्या. कपड्यांचं बोचकं, हातात वॉकर, चेहरा उजळलेला. सण आटोपला की इथूनच नव्या जागी जायचं होतं.

पाळकसाहेबांनी खुर्ची पुकारली. उल्हासनगरला लागून विठ्ठलवाडीला मोबाइलचं दुकान चालवणारा भूपेश पुढे झाला. "गिऱ्हाइकाला बसायला बरी आहे," म्हणत तो ऐसपैस बसला, कळ दाबली आणि चपलांसकट पाय वर घेतले.

"चपला काढ रे," सुजित पुटपुटला.

"आता ती देवाची आहे, तुझी नाही," भूपेश म्हणाला आणि त्याने बोली लावली.

सुजितचा हात वर गेला. तो आपलाच आहे हे त्यालाही उशिरा कळलं असावं. भूपेश वाढला, सुजित वाढला. प्रत्येक बोलीला टाळ्या. शेवटी पाळकसाहेबांनी भारावून जाहीर केलं की बंधू सुजित यांनी खुर्ची दिलीही आणि घेतलीही. सगळ्यात जास्त टाळ्या बनूबाईंनी वाजवल्या.

"माझं लेकरू देवासाठी किती खर्चतंय, बघ," त्या सुनेला म्हणाल्या.

उमाने बोचकं उचललं. "आई, चला. बदलापूरला सोडते तुम्हाला."

"आत्ताच तर आले ना गं?"

"जागा भरली."

बनूबाईंनी खुर्चीकडे पाहिलं, मग लेकाकडे. त्यांचे हात मांडीवर आले. "बरं," त्या म्हणाल्या. "वरती वारं असतं छान." आणि त्यांनी वॉकर दाराकडे वळवला.

सुजितने सवयीने डोळे मिटले. पण इथे भाव उतरवायला उल्हासनगरचा कुणी साईं नव्हता. वॉकर फरशीवर टेकत टेकत लांब चालला होता, तेवढं ऐकू येत होतं.

"पाळकसाहेब," तो म्हणाला, "परत लिलावात घ्या."

"खुर्ची?"

"खुर्ची."

मग तो स्वतःच्या दोन्ही हातांवर बसला. भूपेश पक्का उल्हासनगरचा. त्याने भोपळ्याच्या भावापासून सुरुवात केली. दुसरं कुणी बोलेना, सगळे सुजितकडे बघत होते. पाळकसाहेबांनी "एक वार, दोन वार" इतकं लांबवलं की त्यात एखादं गीत म्हणून झालं असतं. सुजितचे खांदे दोनदा उडाले. दारात उमा बोचकं धरून उभी होती, अजून आत नाही, बाहेर नाही.

"तीन वार."

खुर्ची भोपळ्याच्या भावात गेली. टाळ्या पडल्या नाहीत.

आता खिडकीशी खाट आहे. बनूबाई दिवसभर रस्ता बघतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारतात. सुजित दुकानाला हप्ते भरतो, देवळाला बोलीचे पैसे थोडे थोडे फेडतो, आणि खुर्चीत भूपेशची गिऱ्हाइकं बसतात. विठ्ठलवाडीला गेला तर सुजित हल्ली त्या दुकानाला वळसा घालून जातो.

परवा कारखान्यातून येऊन तो खाटेशी जमिनीवर बसला. पाय कुठे ठेवावेत ते त्याला अजून समजत नाही.

"आई, खाट टोचत नाही ना?" त्याने विचारलं. "उल्हासनगरात गाद्या चांगल्या मिळतात."

ओट्याशी उमाचं लाटणं थांबलं.

"नको रे. गोधडी आहे की," बनूबाई म्हणाल्या.

"नुसतं विचारलं," सुजित म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. गादी मिळावी म्हणून की तिचा मोह टळावा म्हणून, ते उमाने विचारलं नाही. तो डोळे उघडेपर्यंत लाटणं मात्र थांबलेलंच होतं.