चहा विचारणारा सर्व्हर

लग्नाआधी माझी समजूत होती की सासुरवाडीत जावयाचं राज्य असतं. कामरगावात भर मे महिन्यात मुक्काम ठोकला तेव्हा खरा प्रकार कळला. मान भरपूर असतो, पण कशाला हात लावायची परवानगी नसते. माठातलं पाणी घ्यायला उठलो की सासूबाई पदर खोचत धावत यायच्या.

"काहून उठले तुमी? आमी घरात नाई का?"

मग मी परत बसायचो. ताट उचलायला गेलो तर ताट हिसकावलं जायचं. कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतायला गेलो तर सासरे स्वतः बादलीला लटकायचे. पंख्याचं बटण दाबायचं तरी मला इकडेतिकडे पाहून, चोरासारखं दाबावं लागे.

बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती आणि मी कंपनीचा लॅपटॉप काखोटीला मारून तिच्या मागोमाग आलो होतो. आम्ही राहतो पुण्यात, मी मूळचा साताऱ्याकडचा. मॅनेजर मॅडमनी घरून काम करायची सूट दिली होती, तीही कुरकुरत. मला एवढंच हवं होतं की बाळ येईल तेव्हा मी तिथं असावं. तसा शब्द मी बायकोला दिला होता, आणि तिनं तो जपून ठेवला होता.

ती पुण्यात मला 'अरे' म्हणते. कामरगावच्या फाट्यावर बस थांबली त्या क्षणापासून ती 'अहो' म्हणायला लागली. आमच्या धंद्यात याला एन्व्हायर्नमेंट बदलणं म्हणतात. प्रोग्राम तोच असतो, पण भोवतालच्या सेटिंग बदलल्या की तो वेगळाच वागतो. तिथल्या त्या 'अहो'ची मला शेवटपर्यंत सवय झाली नाही. कोणीतरी सरकारी नोटीस बजावतंय असंच वाटायचं.

लॅपटॉपही मला जावयासारखाच वागवत असे. दिसायला भारी, पण मालकी कंपनीची. काही नवीन बसवायचं, जुनं काढायचं म्हटलं की समोर पाटी यायची, अ‍ॅडमिनला विचारा. हे अ‍ॅडमिन पुण्यात कुठल्याशा मजल्यावर बसतात आणि त्यांना कोणी पाहिलेलं नाही. म्हणजे घरात हक्क नाही आणि लॅपटॉपवरही नाही. दिवसभर कूलरसमोर बसायचं, आमरस नि गव्हाचे सरगुंडे हाणायचे आणि परवानगीत राहायचं.

आता सासऱ्यांविषयी सांगतो. मी त्यांना मामाजी म्हणतो. ते एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण दारात माणूस दिसला की त्यांच्या आतली घंटी अजून वाजते. आलेला कोणीही असो, आधी "जय भीम", मग "बसा", मग "चहा घेतला का?" एवढं झाल्याशिवाय त्या घरात कामाचा एक शब्द निघत नाही. मागच्या बाजूनं कोणी गुपचूप आलं, तर त्याला पुढच्या दारी आणून त्याचा रीतसर चहा होतो.

मामाजींना माझ्या नोकरीचा फार अभिमान होता, आणि तीच पुढच्या सगळ्या भानगडीची सुरुवात. ते आपल्या दोस्तांना घेऊन यायचे आणि माझ्या मागे उभे राहायचे. मी काम करतो ते एका काळ्या खिडकीत, पांढरी अक्षरं टाईप करून. त्यात फोटो नाही, रंग नाही, बटणं नाहीत. दोस्तमंडळी थोडा वेळ पाहायची आणि हळहळायची.

"याच्यात चित्र नाई येत का?" एकानं विचारलं.

"पगार तं येते ना?" दुसऱ्यानं माझी बाजू घेतली.

मामाजींचा चेहरा पडला. जावयाची इज्जत गेली तर सासऱ्याची आधी जाते. ते मला बघवेना, म्हणून मी एक शहाणपणा केला. पुण्याच्या सर्व्हरवर माझं स्वतःचं एक छोटंसं खातं आहे. तिथं मात्र मी मालक. त्या खात्यात एक फाइल असते. मी दार उघडून आत शिरलो रे शिरलो की सर्व्हर ती फाइल आधी वाचतो आणि त्यात लिहिलेलं सगळं करतो. लांबलचक आज्ञांना दिलेली टोपणनावं, माझ्या सवयीच्या सेटिंग, सगळं त्यातच. तिच्यात मी वरच एक ओळ घातली.

दुसऱ्या दिवशी दोस्तमंडळी जमली. मी सर्व्हरवर शिरलो आणि काळ्या खिडकीत अक्षरं उमटली, काना-मात्रा जरा इकडेतिकडे झाल्या होत्या, पण वाचता येत होतं: 'जय भीम मामाजी. बसा. चहा घेतला का?'

मामाजी गहिवरलेच. त्यांनी ती ओळ दोनदा मोठ्यानं वाचली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "अवो, मशीन चहा इचारून राह्यली! आना!" सगळ्यांना चहा झाला. तेव्हापासून रोज कोणी ना कोणी तो चमत्कार पाहायला यायचं आणि चहा पिऊन जायचं. माझा भाव असा वाढला की सासूबाईंनी मला एकदा कूलरचं तोंड स्वतःच्या हातानं फिरवू दिलं.

मग सोमवार उजाडला. दर सोमवारी एक फाइल लॅपटॉपवरून त्या सर्व्हरवर पाठवायची असते. ग्राहकाची सगळी आकडेमोड त्या फाइलवर चालते. पाठवायची आज्ञा हातभर लांब, म्हणून मी लॅपटॉपवर तिला 'धाड' असं टोपणनाव दिलं होतं. मी धाड टाईप केलं, आणि लॅपटॉपनं इंग्रजीत सांगितलं की आलेला निरोप फार लांब आहे. पुढे एक भलाथोरला आकडा.

मला वाटलं, फाइल मोठी झाली. मी तिचे तुकडे केले. तरी निरोप लांबच. तुकड्यांचे तुकडे केले, लांबच. शेवटी चिडून एक रिकामी फाइल बनवली, जिच्यात एक अक्षरही नाही, आणि ती धाडली. तरी निरोप फार लांब! असल्या मशीनला काय म्हणावं? माझा संताप मस्तकात गेला.

मग टोपणनावावर संशय घेतला. ते बाजूला ठेवलं आणि अख्खी आज्ञा हातानं टाईप केली. काही फरक नाही. मग वाटलं, त्याच नावाचा दुसराच प्रोग्राम तर चालत नाही? एकाच नावाचे दोन असले तर मशीन ठरलेल्या क्रमानं कप्पे धुंडाळते आणि जो आधी सापडेल त्याला कामाला लावते. मी कप्प्यांचा क्रम तपासला. तोही ठीक. मग मी ठरवून टाकलं की दोष अ‍ॅडमिनचा. गेल्याच आठवड्यात त्यांनी लॅपटॉपवर न विचारता काहीतरी चढवलं होतं. कंपनीच्या मदतकक्षाला फोन लावला.

"तुम्ही स्वतः काही बदललंय का?" पलीकडच्या मुलानं विचारलं.

"मी? मला बदलायचे अधिकार आहेत का?" मी गरजलो. "घड्याळसुद्धा पुढेमागे करता येत नाही मला!"

त्यानं तक्रार नोंदवून घेतली आणि तीन-चार दिवस लागतील म्हणाला. तोवर मॅडमचा फोन आला. पाचपर्यंत फाइल आली नाही तर संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सनं निघायचं, ऑफिसात लॅपटॉप बदलून घ्यायचा आणि काही आठवडे तिथूनच काम करायचं. मी बाळाचं सांगितलं. डॉक्टरांनी याच आठवड्याची तारीख दिली होती. मॅडम म्हणाल्या, पहिलं बाळ उशीरच करतं. जसं काही बाळानं त्यांच्याकडे रजेचा अर्ज दिला होता.

बायको दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. पोटावर हात ठेवून ती जवळ आली आणि आई जवळपास नाही हे बघून हळूच म्हणाली, "अरे, जाऊ नकोस ना." तो 'अरे' इतक्या दिवसांनी आला होता. मी म्हणालो, जात नाही. पण कसं, ते मला काही माहीत नव्हतं.

मी पुन्हा सर्व्हरवर शिरलो, काहीतरी सापडेल म्हणून. 'जय भीम मामाजी. बसा. चहा घेतला का?' मामाजी मागेच उभे होते. "चहा आना!" बाहेर पडलो, लॅपटॉपवर काहीतरी बदललं, परत शिरलो. परत जय भीम, परत चहा. त्या दुपारी मी इतका चहा प्यालो की छातीत धडधड व्हायला लागली. गंमत म्हणजे आत शिरताना काहीच अडत नव्हतं. सर्व्हर मला दर वेळी हसून बसवत होता आणि माझी फाइल मात्र दारातून परत पाठवत होता.

मामाजी खुर्ची ओढून शेजारी बसले. त्यांना सगळं कळलं होतं.

"हे झाली ना," लेकीकडे मान करून ते म्हणाले, "तवा मी अकोल्याच्या गाडीवर होतो. मले स्टँडवर कोनीतरी सांगतलं, पोरगी झाली म्हून. पुढची फेरी मारूनच घरी आलो. इची माय अजून बोलते मले." मग थोडं थांबून म्हणाले, "तुमी राहा, जवाईबापू. कसंबी करा, पन राहा."

मी परत लॅपटॉपकडे वळलो. घड्याळ पाचाकडे सरकत होतं.

तेवढ्यात बाहेर गॅसवाला आला. खांद्यावर भरलेलं सिलेंडर, कपाळावरून घाम निथळतोय. मामाजी तटकन उठून दारात गेले.

"जय भीम. बसा. चहा घेतला का?"

"काका, सिलेंडर कुठी ठेवू?"

"ठेवसान ना. आधी बसा तं. चहा आना वो!"

"काका, हे खांद्यावर हाय..."

"मंग? चहा कोन खांद्यानं पेते?"

गॅसवाला बिचारा दारातच डुगडुगत होता. ना पुढे येता येतं, ना मागे जाता येतं. त्याला फक्त वस्तू ठेवायची होती आणि इकडून मात्र स्वागत संपत नव्हतं. मी त्याच्याकडे बघत राहिलो आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी खुर्चीतून असा उडालो की कूलरला लाथ बसली.

फाइल घेऊन जाणारा प्रोग्राम म्हणजे हा गॅसवाला! तोही त्याच दारानं आत शिरतो. त्याला तिथं आधी फक्त निरोप किती लांब आहे तो आकडा हवा असतो, आणि त्याच्या कानावर काय पडतं? जय भीम मामाजी, बसा, चहा घेतला का. तो बिचारा हा सगळा निरोप आकडा समजून वाचायला जातो आणि घाबरून सांगतो की निरोप फार लांब आहे. लांब असणारच, मामाजींचा होता तो! एवढ्या मोठ्या कारभारात एकाच फाइलवर माझा पूर्ण अधिकार, आणि नेमकं तिथंच मी शेण खाल्लं होतं. अ‍ॅडमिनला मात्र सकाळपासून शिव्या घालत होतो.

मी मामाजींना सगळं समजावलं. त्यांचा चेहरा उतरला, पण लगेच त्यांनी हात झटकले.

"माह्या जय भीमपायी तुमी पुन्याले जानार असान तं काढून टाका थे. आत्ताच काढा."

काढायची माझी तयारी होती. बोटं बटणांवर होतीही. पण काढवेना. मग मी त्या ओळीच्या आधी एक अट घातली: समोर खरोखरचा माणूस बसलेला असेल, तरच बोलायचं. फाइल घेऊन मशीन आली असेल तर गप्प राहायचं आणि वाट सोडायची.

"म्हंजे मशीन आली तं चूप," मामाजींनी खात्री करून घेतली. "अन् मानूस आला तं?"

"तर जय भीम, बसा, चहा."

"मंग बराबर हाय."

मी धाड टाईप केलं. फाइल सरसरत गेली. पाच वाजायला थोडाच वेळ होता. मॅडमचा निरोप आला, 'मिळाली. काय झालं होतं?' मी उत्तर पाठवलं की एन्व्हायर्नमेंटचा प्रॉब्लेम होता, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. दारात गॅसवाला एव्हाना ओट्यावर टेकून बशीनं चहा पीत होता.

गुरुवारी सकाळी कळा सुरू झाल्या. गाडी करून आम्ही कारंज्याच्या दवाखान्यात गेलो. वाटेत मी पिशवी उचलली तर सासूबाईंनी ती काढून घेतली. दवाखान्यात मी पाणी आणायला निघालो तर मामाजींनी बाटली हिसकावली. मी बाकावर बसून राहिलो, रिकाम्या हातांनी. मामाजी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला जय भीम घालत होते आणि पुढे चहाचं विचारायला विसरत होते, इतके ते घाबरले होते.

दार उघडलं. नर्स बाहेर आली, हातात एक गुंडाळी. "बाप कोन हाय?"

मी उठलो. सवयीनं सासूबाईंकडे पाहिलं, मग मामाजींकडे. पहिल्यांदाच कोणी मला खाली बसवलं नाही. नर्सनं न विचारता, न सही घेता, मुलगी माझ्या हातात ठेवली. महिनाभर मला तांब्या उचलू दिला नव्हता या लोकांनी, आणि आता हे. मी रडत होतो आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती. आतून बायकोचा आवाज आला, आईसमोर, सगळ्यांसमोर, "अरे, आहेस ना बाहेर?"

"आहे," मी म्हणालो.

मामाजी वाकले. त्यांनी टोपी काढून काखेत धरली, गुंडाळीच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि रीतसर विचारलं, "जय भीम. बसा. चहा घेतला का?"

पोरीनं चेहरा लाल केला आणि असा काही टाहो फोडला की बाकांवरची सारी मंडळी वळून बघायला लागली.

मामाजींनी समाधानानं माझ्याकडे पाहिलं. "बोलून राह्यली," ते म्हणाले. "मानूसच हाय."