भावतोड्या खडक

भूतबित असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमचं बौद्धाचं घर. अंगात येणं, उतारे टाकणं हे वडिलांनी दाराबाहेरच ठेवलेलं. त्यात मी पेशाने मास्तर. म्हणून हे लिहिताना जरा संकोचच वाटतो... पण घडलं ते असं.

आदिलाबाद जिल्ह्यात तालुके मोडून मंडलं नुकतीच झाली होती. नेरडीगोंड्याच्या पुढे एका गावात आमची ड्यूटी लागली – शिवारातल्या टेकड्या, ओढे, खडक यांना लोक काय म्हणतात ते विचारून नकाशावर लिहायचं. सोबत राव सर. गुंटूरकडचे, नवीन बदली होऊन आलेले. मराठीचा गंध नाही; आम्ही हिंदीत बोलायचो. माणूस इतका मवाळ, की वर्गात छडीसुद्धा धरायचा नाही.

वाघदरा, मोहाचं टेकाड, सासूची कपार... दुपारपर्यंत काम हसतखेळत चाललं. नावं सांगायला गंगूबाई होत्या. तिथंच त्यांचं कापसाचं वावर. नाल्यातल्या एका काळ्या, सपाट खडकापाशी मात्र त्या काठावरच थांबल्या.

"याला काय म्हणता, मावशी?"

"भावतोड्या. पान्याच्या वाट्यापायी दोघं भाऊ इथंच एकमेकाले तोडून मेले. सर, वर उभं राहून नाव नका घेऊ."

आम्ही खडकावर चढलो. राव सर अडखळले – "भाव... क्या?" मी मोठ्याने सांगितलं, "भावतोड्या!"

पहिला दगड माझ्या कानावर बसला. मारला होता राव सरांनी; त्यांचा चेहरा ओळखू येईना. आणि ते अस्सल आमच्याकडच्या बोलीत ओरडले, "दादा, माहा वाटा काऊन तोडला?"

मी पळायला हवं होतं. पण माझ्याच तोंडून निघालं, "पानी माहं हाय!" मी त्यांचे केस धरले आणि तोंड खडकावर आपटलं. दात पडले तरी आपटत राहिलो. त्यांनी माझ्या मनगटाचा लचका तोडला... मला तेव्हा त्यांना मारूनच टाकायचं होतं.

गंगूबाईंच्या किंकाळीने त्यांचा नवरा धावत आला. त्याने पाय धरून दोघांनाही खाली पाण्यात ओढलं. खडक सुटला आणि हातातलं बळच गेलं. राव सर आपलंच रक्त बघत काय झालं म्हणून तेलुगूत विचारत होते, "एमैंदी? एमैंदी?"

आदिलाबादच्या डॉक्टरांनी ऊन लागल्याचं निदान केलं. ऊन मराठी शिकवतं का?

जबड्याचं बँडेज निघालं तेव्हा मी दवाखान्यात भेटायला गेलो. राव सरांनी माझा हात हातात घेतला, रडले. मग हळूच म्हणाले, "सर, ये 'वाटा' का मतलब क्या है?"

"हिस्सा."

हातावरची पकड घट्ट झाली.

"तो फिर मेरा ही था ना... दादा?"

मी हात सोडवून बाहेर पडलो. खडकावर काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. आणि त्या खाटेवरून कोण बोललं, तेही.