हाताला जागा

समोरच्या दिनूकाकांनी अंगणात दुरुस्त केलेली जुनी होडी आज ट्रेलरवर चढवायची होती. कित्येक उन्हाळे ते एकटेच तिच्या फळ्या तासत, फटींत कापूस ठासत बसायचे. आज मात्र सगळी आळी धावून आली आणि होडीला दोन्ही बाजूंनी इतके हात लागले, की काकांच्या हातांना जागाच उरली नाही. ते एकदा पुढच्या टोकाकडे गेले, मग मागे आले.

"अरे, मी कुठं धरू?"

"तुम्ही बाजूला व्हा काका, लागेल तुम्हाला," कुणीतरी मायेनंच म्हणालं.

आईला रुग्णवाहिकेत चढवताना मलाही असंच बाजूला केलं होतं. मी तिच्या चपला धरून उभी होते. उचलणारे वेगळेच असतात. आपला नुसता जीव गुंतलेला असतो, आणि उचलताना त्याचा काडीचा उपयोग नसतो.

ट्रेलर हलला तेव्हा काकांनी होडीच्या कुशीवर तळहात टेकवला. ढकलायला नव्हे, उगीच. होडी पुढे सरकत राहिली, त्यांच्या हाताखालून जात राहिली, आणि मग संपली. हात तेवढा तिथंच राहिला, हवेत.