कुंकवाने मेलेलं कुलूप

आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, बेंगळुरात यंत्र म्हणून जे काही असेल त्याला हळदकुंकू लागतं. बसला, लेथला, आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या रेडिओच्या कारखान्यातल्या चाचणी विभागाच्या परदेशी ऑसिलोस्कोपलासुद्धा. विजेच्या लहरी दाखवणाऱ्या त्या यंत्राची रीडिंग संगणकावर उतरवणारं सॉफ्टवेअर चालायचं ते संगणकाच्या पाठीत खोचलेल्या काडेपेटीएवढ्या इलेक्ट्रॉनिक कुलपावर. कुलूप काढलं की सॉफ्टवेअर मुकं. आमच्या ज्येष्ठ सहकारी अक्कांना वाटलं, सगळ्यात महाग वस्तू हीच, मग हिलाच का वगळा? त्यांनी ते काढून तबकात ठेवलं आणि ओलं कुंकू थेट पिनांवर लावलं.

दसऱ्यानंतर पाहतो तर कुलूप मेलेलं.

"अय्यो, मी तर मनापासून लावलं होतं!" अक्का म्हणाल्या. मला त्यांचा राग आला नाही. राग आला तो सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीच्या, टाय लावून आलेल्या एजंटाचा.

"सर, पूजा वॉरंटीत येत नाही. सॉफ्टवेअर नवीन घ्या."

"अहो, सॉफ्टवेअर धडधाकट आहे. मेलंय ते तुमचं कुलूप!"

"दोन्ही एकत्रच मिळतं, सर."

"आणि आमची पावसाळाभराची रीडिंग? त्या फायली तरी उघडून द्या."

"त्या आमच्या फॉरमॅटमध्ये आहेत, सर."

म्हणजे यंत्र आमचं, तपासलेले रेडिओ आमचे, घाम आमचा, आणि आकडे यांचे! रीडिंगचे आलेख पाहिल्याशिवाय तपासनीस एकही रेडिओ पास करणार नव्हता. मी असा ओरडलो की कॅन्टीनमधली माणसं हातात इडली घेऊन धावत आली. प्रेक्षक दिसल्यावर आणखी चार वाक्यं ओरडलो.

मग एका मासिकासोबत आलेली लिनक्स या फुकट संगणकप्रणालीची सीडी काढली. तिच्यात कुण्या अनोळखी परदेशी माणसाने संगणकाला अशा यंत्रांशी बोलतं करणारा प्रोग्रॅम लिहून त्याचा सोर्स कोडच, म्हणजे मूळ लिखाणच, फुकट वाटला होता. ना कुलूप, ना टाय. आमच्या यंत्राच्या आज्ञा मॅन्युअलच्या शेवटी छापलेल्या होत्याच. त्या मी त्यात भरल्या. पडद्यावर पहिली लहर उमटली तेव्हा अक्कांनी संगणकाला नमस्कार केला. सगळी रीडिंग पुन्हा घेतली. रेडिओ पास झाले.

पुढच्या वर्षी तोच एजंट हजर. जवळच्याच होसकोट्याच्या एका गिऱ्हाइकाचं कुलूप बिघडलं होतं, आणि ते नवीन सॉफ्टवेअर घ्यायला तयार नव्हतं.

"सर, तुमचा तो प्रोग्रॅम मिळेल?"

"मिळेल की! सोर्स कोडसकट. फक्त मागेल त्याला तुम्हीही तसाच द्यायचा."

मी दिलेली फ्लॉपी त्याने खिशात टाकली.

"आणि आमच्या जुन्या फायली?"

"त्या आमच्या फॉरमॅटमध्ये आहेत, सर."

मी गेटपर्यंत ओरडत त्याच्या मागे गेलो. कॅन्टीन याही वेळी रिकामं झालं.