हॉटेलचा गाईड आणि थोरला जावई

जन्म सोलापूरचा, शाळा सोलापूरची, नोकरीही सोलापूरचीच, आणि तरी भुईकोट किल्ल्यात मी आयुष्यात एकदाच गेलो होतो. तेही शाळेच्या सहलीत. त्या दिवशी पोट बिघडल्यामुळे मास्तरांनी मला दारातच बसवून ठेवलं. त्यामुळे किल्ल्याचा दरवाजा मात्र मला फार चांगला माहीत आहे.

माझे साडू अविनाशराव पुण्याचे. गेल्या हिवाळ्यात ते बायकोला आणि आमच्या सासूबाईंना घेऊन अक्कलकोट-तुळजापूर करत सोलापुरात आले आणि हॉटेलात उतरले. (आमच्या दोन खोल्यांत फक्त त्यांचं सामान मावलं असतं.) सासूबाई सांगोल्याच्या. सासरे गेल्यापासून त्या हिवाळा पुण्याच्या लेकीकडे काढतात. आमच्याकडे का नाही? तर "आईला सोलापुरात काय बघायचंय?" असं माझ्या मेहुणीचं मत. हे मत सुनंदाच्या, म्हणजे आमच्या हिच्या, मनात कित्येक वर्षं सलत होतं.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा अविनाशरावांनी जाहीर केलं, "उद्याची टूर मी हॉटेलमधूनच बुक केलीय. गाईडसकट. नाश्ता त्यातच आहे."

"गाईड?" मी म्हणालो. "सोलापुरात? मी असताना?"

"म्हणजे तुम्ही दाखवणार?"

"मी कशाला? आपला स्वतंत्र गाईड ठरलाय. टेंभुर्णीचे सर आहेत, इतिहास शिकवायचे." (ठरला वगैरे काही नव्हता. हॉटेलच्या पायऱ्या उतरताना चार मित्रांना फोन केले, तेव्हा कुठे या सरांचा नंबर मिळाला आणि ते तयार झाले.)

सासूबाईंनी निवाडा दिला. "मी थोरल्या पावन्यांसंगं जाते. धाकले जाऊंद्यात हॉटेलासंगं. उगं कुनी रुसायला नगं."

घरी येताना सुनंदा एवढंच म्हणाली, "अहो, उद्या आईला गाव आवडलं पायजे. आवडलं तर महिनाभर ठेवून घेते मी तिला. न्हाय तर परवा बसली ती पुण्याच्या गाडीत."

सकाळी आम्ही तिघं किल्ल्याच्या दारात उभे आणि सरांचा फोन.

"साहेब, घोटाळा झालाय की. शेजारच्या पोरीला बघायला पावनं आल्यात. बैठकीला जाणतं मानूस पायजे म्हणून मला बसवलंय. उठू देईनात."

"मग कधी याल?"

"बैठक मोडली तर दुपारपर्यंत येतो. जमली तर मग सुपारी फोडूनच उठायचं की."

एका अनोळखी मुलीचं लग्न मोडावं म्हणून मी तिथे देवाचा धावा केला, याची मला आजही लाज वाटते. देवानं काही ऐकलं नाही. तेव्हा खिशात फोन टाकून मी छाती पुढे काढली आणि सांगितलं, "सर येत नाहीत. मी दाखवतो."

सुनंदाने डोळे मिटून घेतले.

"हा बुरूज," मी सुरुवात केली. "फार जुना."

"ते दिसतंय की. बांदला कुनी?"

"राजानं."

"कंच्या?"

"तेव्हा जो होता त्यानं."

तेवढ्यात हॉटेलची मंडळी आली. पुढे त्यांचा गाईड, मागे आठ-दहा पाहुणे, मध्ये गळ्यात पाण्याची बाटली अडकवलेले अविनाशराव. मी सासूबाईंना हळूच त्यांच्याजवळ सरकवलं. गाईड एक वाक्य बोलला की मी ते जरा खाकरून आमच्याकडे वळवायचो. चार वाक्यं बरी गेली.

"पावनं," सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "त्यो मानूस बोलतोय, मग तुमी बोलताय. पूजेला बसल्यावानी भटजीच्या मागनं मंतर म्हनताय व्हय?"

हॉटेलचे पाहुणे हसले. अविनाशराव तर बाटलीचं झाकण लावायचं विसरले.

आता माघार घेणं शक्य नव्हतं. मी सासूबाईंना घेऊन थेट सिद्धेश्वराच्या तळ्यावर आलो आणि आयुष्यात जे खरोखर माहीत होतं तिथे पोचलो. "आई, आम्ही सुनंदाला बघून गेल्यावर तुम्ही तिला घेऊन आमच्याकडं आला होता ना, तेव्हा सगळी इथं आलो होतो. या पायऱ्यांवर मी अनवाणी उभा होतो. देवाला मी नेहमी अनवाणीच यायचो."

"खोटं," सासूबाई म्हणाल्या. "चप्पल पाण्यात पडली हुती तुमची. पोरीफुडं ऐटीत पाय हलवत बसला हुता. मी काटावरनं बघत हुते."

मी गार पडलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि आपल्या भक्तीवर खूश होऊन यांनी मुलगी दिली, असं मी सगळ्यांना सांगत आलो होतो.

मागून हॉटेलची माणसं कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही. त्यातल्या एका बाईंनी विचारलं, "मग आजी, तरी मुलगी दिलीत?"

"दिली की. एक चप्पल बुडाली तर ह्येनं दुसरीबी टाकली पान्यात आनि हसत बसला. म्हनलं, ह्यो संसारात रडत बसायचा न्हाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी त्या पायरीचा फोटो काढला, कुणी मला तिथे बसवून काढला. "पुढं कुठं?" असं आता मलाच विचारू लागले. मी सगळ्यांना घरी नेऊन कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायला घातली. हॉटेलचा गाईडही जेवला. अविनाशराव "नाश्ता टूरमध्ये आहे" असं म्हणत तिसरी भाकरी मोडत होते. माझ्या घरात इतकी माणसं माझ्यामुळे प्रथमच आली होती, आणि मला फार म्हणजे फार बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी सुटताना सासूबाई आमच्याच दारात उभ्या राहिल्या. "मी ऱ्हाते हितं महिनाभर."

सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मिशीवरून हात फिरवून विचारलं, "म्हणजे गाव आवडलं ना, आई?"

"गाव कुटं बघितलं अजून? नुसती तुमची पायरी बघितली. काल त्या हॉटेलच्या मानसाला सांगून ठेवलंय, रविवारी दोगं येतो म्हून."

"तुम्ही आणि सुनंदा?"

"सुनंदीला म्हाईत हाय गाव," सासूबाई म्हणाल्या. "दुसरी जागा तुमाला."