आमच्या लॅबमधले उंदीर आणि माणसं

औषध शोधायच्या कामात सगळं लिहून ठेवावं लागतं. उंदराचं वजन, डोस, खोलीचं तापमान, सगळं. पण तो उंदीर हातात धरताना कोण काय बोललं, याला कुठल्याच तक्त्यात रकाना नसतो. मग ते बोलणं आमच्याजवळच साचत जातं. धाराशिवच्या आमच्या छोट्या न्यूरोफार्माकॉलॉजी लॅबमध्ये, म्हणजे मेंदूवर चालणारी औषधं जिथं तपासतात तिथं, मी बरीच वर्षं काढली. आमचं औषध अजून एकही बाजारात आलेलं नाही. किस्से मात्र पोतंभर जमलेत!

लॅबचे प्रमुख बिराजदार सर उमरग्याकडचे. एरवी शांत, पण चिडले की थेट कानडीत शिरतात. समीना परंड्याची, माझ्याकडं पीएचडी करणारी. आणि मी लोहाऱ्याची.

*

एकदा एसटीनं लोहाऱ्याला निघाले होते. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "काय करता बाई?"

"मेंदूच्या आजारांवर औषध शोधतो आम्ही."

"म्हंजी डाक्टर!" आजोबांनी गुडघा दाखवायला धोतर वर घेतलं.

मी घाईघाईनं म्हटलं, "तसली डॉक्टर नव्हे हो. आम्ही आधी उंदरांवर तपासतो. आजारी उंदीर बरा होतोय का ते बघतो."

आजोबांनी धोतर खाली सोडलं. बाहेर सोयाबीन पिवळं पडलं होतं, तिकडं बघत म्हणाले, "आमी वरीसभर त्येनला मारायचं औषध आणतो, अन् तुमाला त्येनला बरं करायचा पगार भेटतो!"

मी हसले. ते हसले नाहीत. जरा वेळानं स्वतःशीच म्हणाले, "चूक न्हाय. कुनीतरी त्येंच्या बी बाजूनं पायजेच की."

मी कुणाच्या बाजूनं आहे, हे त्यांना खरं सांगायचं धाडस मला झालं नाही.

*

आमच्याकडं एक फिरता दांडा आहे. त्यावर उंदीर ठेवायचा आणि तो किती वेळ तोल सांभाळतो ते बघायचं. लवकर पडला, तर औषधानं अंगावरचा ताबा सुटला असं समजायचं.

समीनाचा एक उंदीर ठेवला की पडायचा. सर काळजीत. नवीन औषध, आणि असा परिणाम! शेवटी ते स्वतः खुर्ची घेऊन दांड्यासमोर बसले. उंदरानं दोन पावलं टाकली, सरांकडं बघितलं, खाली अंथरलेल्या मऊ गादीकडं बघितलं आणि टुणकन उडी मारली. पडला की परत पिंजऱ्यात सोडतात, हे त्याला कळून चुकलं होतं!

सर म्हणाले, "याचा तोल गेलेला नाही. याचं मन उडालंय!"

समीना पटकन बोलून गेली, "सर, माझंही उडतं कधीकधी. पण मला खाली गादी नाही ना!"

आम्ही सगळे हसलो. दुसऱ्या दिवशी सरांनी तिला बोलावून सांगितलं, "आठवडाभर घरी जाऊन ये. उंदीर मी बघतो."

*

मे महिना. दुपारी वीज गेली, जनरेटर सुरूच होईना. डीप फ्रीजरमध्ये उंदरांच्या मेंदूचे नमुने, वर्षभराची मेहनत. बाहेर ऊन असं, की स्कूटरच्या सीटवर बसवत नव्हतं. फ्रीजरचा आकडा वर सरकायला लागला तसे सर कानडीत शिरले.

मला एकदम एक खव्याचे व्यापारी आठवले. आपल्याकडं खवा लई, त्यामुळं खव्याची शीतगृहंही आहेत. नमुने थर्माकोलच्या डब्यात सीलबंद केले, भोवती होता तेवढा बर्फ कोंबला आणि गाठलं त्यांना.

मालकांनी विचारलं, "डब्यात काय हाय?"

सर खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "मेंदू."

मालक दोन पावलं मागं सरले. "कुणाचा?"

"उंदरांचा."

"माज्या खव्याशेजारी उंदीर? गिऱ्हाईकाला कळलं तर दुकानाला कुलूप लागंल सर!"

सरांनी समजावलं, विनवलं. समीनाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मालकांनी ते बघितलं आणि मागच्या गोदामातला एक रिकामा डीप फ्रीजर आमच्यासाठी चालू करून दिला. "ह्यात माल नसतो. वीज येईस्तोवर ऱ्हाऊ द्या."

डबा आत गेला. सर घामानं निथळत भिंतीला टेकले. मालक त्यांच्याकडं बघून म्हणाले, "सर, जागा हाय आत. तुमचा बी ठिवा थोडा वेळ. लई तापलाय!"

*

प्राण्यांवर प्रयोग करायचा तर आधी समितीची परवानगी लागते, आणि समितीत एक सदस्य आमच्या शास्त्राबाहेरचा असतो. आमच्याकडं ते गफूर गुरुजी. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. कागद शब्द न् शब्द वाचणारे.

इंग्रजी शोधनिबंधात उंदीर मारले असं कुणी लिहीत नाही. सॅक्रिफाइस केले, असं लिहितात. मी मराठी गोषवाऱ्यात त्याचं सरळ भाषांतर केलं होतं.

गुरुजींनी चष्मा वर सरकवला. "मॅडम, इथं तुम्ही लिहिलंय, प्रयोगाअखेर प्राण्यांचा बळी देण्यात येईल."

"हो गुरुजी. तशी पद्धत आहे लिहायची."

"कोणत्या देवाला?"

गुरुजींच्या आवाजात टोमणा नव्हता. वर्गात एखाद्या मुलाला शब्दाचा अर्थ विचारावा, तसं त्यांनी विचारलं होतं.

मी पेन काढलं, 'बळी' खोडलं आणि 'मारण्यात येईल' असं लिहिलं. गुरुजींनी वाचलं. "आता कळलं," म्हणाले, आणि प्रयोगात उंदीर कमी करता येतील का, यावर आम्हाला तासभर बसवून घेतलं. खरंच कमी झाले!

पुढं त्या प्रयोगाचा शोधनिबंध इंग्रजीत पाठवतानाही मी सरळ 'मारले' असंच लिहिलं. छापून आला तेव्हा संपादकांनी त्याचं परत 'सॅक्रिफाइस' केलं होतं.

*

सरांचा एका माळरानावरच्या झुडपावर फार जीव होता. त्याच्या अर्कानं फिट कमी होतात, असं त्यांना तरुणपणापासून वाटत आलेलं. शेवटी मोठा प्रयोग लावला. उंदरांच्या एका गटाला अर्क, दुसऱ्याला नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय दिलंय ते मोजणाऱ्यांना माहीत नाही. गटांची नावं फक्त 'अ' आणि 'ब'.

'अ' गटात फिट स्पष्ट कमी दिसत होत्या. सर तरंगतच होते. रोज जिना चढताना शीळ घालायचे.

कुठल्या गटाला काय दिलंय ते लिहिलेला लिफाफा फोडला. 'अ' म्हणजे मिठाचं पाणी.

सरांनी कागद दोनदा वाचला. अर्क कामाचा नव्हता, आणि 'अ' गटाचं चांगलं दिसणं हा निव्वळ योगायोग होता. समीना हळूच म्हणाली, "सर, परत करून बघू या का?" सरांनी नकारार्थी मान हलवली. उठून खिडकीपाशी गेले.

मग वळून म्हणाले, "सगळ्यांना चहा सांगा. आज आपल्याला एक गोष्ट नक्की कळली. अशा गोष्टी फार थोड्या असतात."

शीळ मात्र त्यानंतर ऐकू आली नाही.

*

समीनाच्या अम्मी परंड्यात बायकांना बांगड्या भरायच्या. मग त्यांचे हात थरथरायला लागले. कंपवात. काच फुटून एका बाईच्या मनगटाला लागलं, त्या दिवसापासून त्यांनी दुकानात बसणं सोडलं. समीनानं पीएचडीला तोच आजार घेतला, तो त्यामुळंच.

एकदा अम्मी दवाखान्यासाठी धाराशिवला आल्या, तेव्हा म्हणाल्या, "तेरे चूहे दिखा."

समीना टाळत होती. सर म्हणाले, "दाखव की."

पिंजऱ्यात एक उंदीर कोपऱ्यात बसून थरथरत होता. अम्मी वाकल्या. "इसकू भी येच बीमारी?"

"हां अम्मी."

"कैसी लगी इसकू?"

समीनानं माझ्याकडं बघितलं.

"हमईच देते इसकू, अम्मी," ती म्हणाली. "तुम्हारे वास्ते."

अम्मींनी बुरख्याची बाही वर सारली आणि हात पुढं केला. सरांनी मान डोलावली. समीनानं त्यांना हातमोजा चढवला आणि उंदीर अलगद तळहातावर ठेवला. हात थरथरत होता, उंदीरही थरथरत होता. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी अम्मींनी त्याचा पुढचा पाय धरला.

बांगड्या भरताना परंड्यातल्या बायकांशी त्या मराठीत बोलायच्या. उंदराशीही मराठीतच बोलल्या.

"हात सैल सोड गं माय. न्हाय दुखायचं."