दादांचा हात आणि गाडीचा पट्टा

"आरं पाय काढ! पाय काढ ब्रेकवरनं! मोडला त्यो, मोडला!"

दादा एवढ्या जोरात ओरडले, की मागं आमच्या गावात, भऱ्यात, जेवायला बसलेल्यांनी हातातला घास खाली ठेवला असणार. दादा म्हणजे माझे वडील. ते डाव्या सीटवर, पट्टा बांधून. स्टेअरिंगवर मी. समोर रिहे गावाकडं जाणारा ओला उतार आणि उताराच्या मधोमध एक म्हैस, जिला कसलीच घाई नव्हती. ब्रेकचं पॅडल माझ्या पायाखाली थरथरत होतं आणि गाडीच्या पोटात कुणी भात भरडायला बसल्यासारखा आवाज येत होता.

ही दोन हजार नऊच्या आसपासची गोष्ट. म्हशीला जरा तिथंच उभी ठेवतो. तिची काही हरकत नाही.

दादांनी आयुष्यभर पिरंगुट ते पौड सवारीची जीप चालवली. त्या जीपमध्ये एवढी माणसं बसायची, की मागच्या फळीवर लोंबकळणारा शिंकला तर पुढच्या काचेला हादरा बसायचा. ब्रेक होते, पण विनंती मान्य करणारे. पहिल्यांदा दाबला की जीपला नुसतं कळायचं, दुसऱ्यांदा पटायचं, तिसऱ्यांदा ती थांबायची. एका गावात थांबायचं तर दादा आधीच्या गावापासून पंप मारायला लागायचे. हँडब्रेक म्हणजे एक काळा दगड. चढावर थांबलं की कुणीतरी उतरून तो चाकामागं लावायचा. दसऱ्याला जीपला झेंडूची माळ पडली की एक फूल त्या दगडालाही मिळायचं, बोनस म्हणून.

आणि सीटबेल्ट? तो म्हणजे दादांचा डावा हात. पाय ब्रेकवर गेला की तो हात आपोआप शेजारच्या माणसापुढं आडवा व्हायचा. त्या हातानं मला अडवलं, आईला अडवलं, एका पाहुण्याला तर मांडीवरच्या कोंबड्यासकट अडवलं. तो कोंबडा नंतर बरेच दिवस आरवायच्या आधी दादांकडं बघायचा. पण त्या जीपमध्ये कुणाच्या कपाळाला कधी खोक पडली नाही. हे मात्र मी कणभरही वाढवून सांगत नाही.

पुढं मी हिंजवडीला गेलो आणि एका कंपनीला गाडी भाड्यानं लावली. गाडी नवी कोरी हवी, अशी कंपनीची अट. पुढं एअरबॅग, सगळ्यांना पट्टे आणि एबीएस. एबीएस म्हणजे तुम्ही ब्रेक नुसता दाबून धरायचा, पंप गाडी स्वतः मारते, तेही माणसाच्या पायाला सात जन्मांत जमणार नाही इतक्या भराभर. चाक जाम होत नाही, म्हणून ओल्यातही गाडी वळवता येते. कंपनीच्या पटांगणात पाणी ओतून साहेबांनी आम्हा ड्रायव्हरांना ते शिकवलं. "पॅडल थरथरलं तरी पाय उचलू नका. ते बिघडलेलं नाही, कामाला लागलंय." पहिल्या फेरीत आम्ही झाडून सगळ्यांनी पाय उचलला. सगळे जीपवर शिकलेले. पायाखाली थरथरलं म्हणजे काहीतरी तुटलं, एवढंच आमच्या पायांना ठाऊक.

तर आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, पुण्याला. दादा म्हणाले, "जीपनं जाऊ."

"दादा, माझ्या गाडीत एअरबॅग हाय. धडक बसली तर म्होरनं फुगा येतो."

"जत्रंला निघालोय का आपण?"

"पट्टा बी हाय."

"बैल हाय का तुझी आय, जुपायला?"

"आन ब्रेक सोता पंप मारतो."

इथं त्यांची थट्टा संपली. "मंग पाय काय करतो? नुसता ठिवायचा?" मग आईकडं बोट दाखवून म्हणाले, "डोळा कापून आणायचाय तिचा. येताना एक दणका बसला तर गेला डोळा. आधी मला फिरवून दाव. मला पटलं तरच तिला बसवीन."

आई दारातून ओरडली, "दोघं धड या म्हंजी झालं! न्हाईतर तुमालाच न्यावं लागंल दवाखान्यात."

तर, म्हैस.

दादा ओरडत होते आणि मी पाय रोवून बसलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी वडिलांचं भर रस्त्यात ऐकलं नाही. गाडी कुरकुरली, थरथरली, पण घसरली नाही. स्टेअरिंग वळवलं तशी ती शहाण्या पोरीसारखी वळली, म्हशीच्या शेपटाला वारा घालून बाजूला गेली आणि थांबली. म्हशीनं मान वळवून बघितलं. मला तर वाटलं, तिनं मान डोलावली.

दादा खाली उतरले. वाकून गाडीखाली बघितलं. मग रस्त्यानं मागं चालत गेले.

"काय हुडकताय, दादा?"

"काय पडलं ते."

काहीच पडलं नव्हतं. रस्त्यावर घसरल्याची रेघसुद्धा नव्हती. जिथं जीपची चाकं जाम होऊन घसरली असती तिथं ते बराच वेळ उभे राहिले. परत येऊन बसले आणि पट्टा स्वतःच ओढून खटकन लावला. मगाशी निघताना तो मी लावून दिला होता.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की गाडी थांबली त्या क्षणी माझा डावा हात दादांच्या छातीवर आडवा होता. पट्ट्याच्या वरून. अख्खी म्हैस मी एका हातानं चुकवली होती. हे मला कुठल्याच पटांगणात कुणी शिकवलं नव्हतं. छाती अशी फुगली, की गाडीत एअरबॅग दोन झाल्या.

गाडी वळवून आम्ही भऱ्याला परत आलो. अंगणात गाडी लावली. आई उंबऱ्यात येऊन दोघांच्या तोंडाकडं बघत उभी राहिली.

"मंग काय दादा?" मी विचारलं. "उद्या न्यायचं न्हवं आईला?"

"ने. पण दोनी हात स्टेरिंगवर ठीव," दादा म्हणाले. "पट्टा हाय तिला."